एका तारखेचा जमाखर्च

आज जुलै महिन्याची तेवीस तारीख. आपल्या घरच्या भिंतीवरील दिनदर्शिका किंवा सकाळचें वर्तमानपत्र आपण पाहिलें असेल, तर 'दिनविशेष' या सदराखालीं आजच्या तारखेपुढें चारसहा ओळी छापलेल्या नजरेस पडल्या असतील. हल्लीं तर खिशांतील मोबाईलवरही ही यादी उठल्याबरोबर हजर असते. अमका जन्मला, तमका वारला, अमुक ठिकाणीं क्रांति झाली, अमक्या खेळाडूनें पदक जिंकलें. एका ओळींत एक आयुष्य आटोपतें आणि आपण चहाचा दुसरा घोट घेतों. या ओळी वाचाव्या कशा, एवढाच आजच्या माझ्या भाषणाचा विषय आहे.

मीं आयुष्याचीं पस्तीस वर्षें शाळेंत इतिहास शिकविण्यांत घालविलीं. सनावळीचा कंटाळा न येणारा विद्यार्थी मला क्वचितच भेटला, आणि त्याबद्दल मला मुलांचा रागही कधीं आला नाहीं. नुसती सनावळ म्हणजे जिची जमेची बाजू तेवढी भरलेली आहे आणि खर्चाची बाजू कोरी आहे, अशी चोपडी होय. एखाद्या वाण्यानें असा हिशेब ठेवला तर त्याचें दिवाळें केव्हां वाजलें हें त्याचें त्यालाही कळणार नाहीं. अमुक दिवशीं देशाला अमुक लाभलें, ही झाली जमा. तें लाभावें म्हणून कोणीं काय दिलें, तो खर्च. दिनविशेषांत जमा छापलेली असते. खर्च वाचणारानें शोधून काढावयाचा असतो. आजचीच तारीख हातीं धरून आपण हा हिशेब थोडा मांडून पाहूं.

प्रथम आजच्या दिवसाचे सर्वांत परिचित मानकरी. बाळ गंगाधर टिळक यांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजीं रत्नागिरीस झाला. पंचांगाच्या हिशेबानें तो दिवस आषाढ वद्य षष्ठी, शके १७७८, वार बुधवार. तिथीनें पाहिलें तर हा वाढदिवस दर वर्षीं मागेंपुढें सरकतो. तारखेनें पाहिलें तर तो एका जागीं स्थिर राहतो. यावरून एवढें तरी ध्यानांत यावें कीं तारखेच्या अंगीं स्वतःचा कांहींच गुण नाहीं. तारीख ही एक खुंटी आहे. तिच्यावर आपण काय टांगतों, यावर तिची किंमत ठरते.

लोकमान्यांच्या जन्माची ओळ आपण सर्वजण जाणतों. आतां तिच्याच शेजारीं दुसरी एक तेवीस जुलै ठेवून पाहा. सन १९०८. त्या वर्षीं ३० एप्रिल रोजीं मुझफ्फरपुरास बाँब फेकला जाऊन दोन निरपराध इंग्रज स्त्रिया मृत्यु पावल्या. त्या प्रसंगावरून सरकारच्या धोरणाची चर्चा करणारे लेख 'केसरी'नें लिहिले आणि त्यांसाठीं टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला. १३ जुलै रोजीं मुंबईच्या हायकोर्टांत न्यायमूर्ति दिनशा दावर यांच्यापुढें तो उभा राहिला. योग असा कीं, १८९७ सालच्या पहिल्या राजद्रोहाच्या खटल्यांत हेच दावर वकील या नात्यानें टिळकांना जामीन मिळवून देण्यास झटले होते. या वेळीं टिळकांनीं आपला बचाव आपणच केला. त्यांचें ज्यूरीपुढील भाषण अनेक दिवस चाललें आणि त्याचे तास मोजले तर ते एकवीसांच्या वर भरतात. नऊ जणांच्या ज्यूरीनें सात विरुद्ध दोन मतांनीं त्यांना दोषी ठरविलें. निकाल लागला तो २२ जुलैच्या रात्रीं. शिक्षा, सहा वर्षें काळेंपाणी आणि एक हजार रुपये दंड. त्याच रात्रीं विशेष आगगाडीनें त्यांना अहमदाबादकडे हलविण्यांत आलें. दुसरा दिवस उजाडला तो २३ जुलैचा. त्या दिवशीं लोकमान्यांच्या वयाला बावन्न वर्षें पुरीं झालीं.

पुढें त्यांना ब्रह्मदेशांत मंडाले येथें नेलें. १६ जून १९१४ रोजीं ते सुटून पुण्यास आले. म्हणजे पहिली धरून ओळीनें सहा जन्मतारखा त्यांनीं बंदिवासांत काढल्या. तेथें त्यांनीं पेन्सिलीनें वह्या भरून जो ग्रंथ लिहिला, तो 'गीतारहस्य' या नांवानें १९१५ सालीं प्रसिद्ध झाला. ही जमा सर्वांना ठाऊक आहे. खर्चाच्या बाजूला काय लिहावें ? त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई १९१२ सालीं पुण्यास वारल्या, आणि पति मंडालेच्या तुरुंगांत. निकाल लागल्यावर मुंबईच्या गिरणीकामगारांनीं सहा दिवस काम बंद ठेवलें, शिक्षेच्या एकेका वर्षासाठीं एकेक दिवस. सरकारनें लष्कर रस्त्यावर आणलें, गोळ्या सुटल्या, माणसें पडलीं. गिरणींतल्या माणसाचा सहा दिवसांचा रोज बुडणें म्हणजे काय, हें ज्या घरांत महिन्याचें धान्य एकदम भरलें जातें त्या घराला सहज उमगणार नाहीं. या कामगारांपैकीं किती जणांचीं नांवें आपणांस सांगतां येतील ? परंतु लोकमान्य ही पदवी ज्या लोकांनीं दिली, त्यांत हे लोक होते.

टिळक सुटून आल्याला दीड महिनाही लोटला नव्हता तोंच युरोपांत दुसरी एक तेवीस जुलै उगवली. १९१४ सालीं या दिवशीं सायंकाळीं ऑस्ट्रिया-हंगेरीनें सर्बियाला अखेरचा खलिता दिला आणि उत्तरासाठीं अठ्ठेचाळीस तासांची मुदत घातली. पांच दिवसांनीं युद्ध पुकारलें गेलें. इतिहासांतील कांहीं नोंदी अशा असतात कीं त्यांच्या जमेच्या रकान्यांत काय लिहावें हें शंभर वर्षांनींही ठरत नाहीं, आणि खर्चाचा रकाना मात्र भरून वाहत असतो. या युद्धासाठीं हिंदुस्थानांतून दहा लाखांहून अधिक माणसें परदेशीं गेलीं आणि सत्तर हजारांवर परत आलीं नाहींत. आमच्या मराठा पलटणी मेसोपोटेमियाच्या वाळवंटांत लढल्या. व्हिएन्नांत लिहिलेल्या एका कागदाची किंमत साताऱ्याच्या आणि कोंकणच्या खेड्यांतील घरांनीं भरली. दिनविशेषाची ओळ व्हिएन्नाचें नांव घेते, त्या खेड्यांचें घेत नाहीं.

आजच्याच दिवशीं, १९०६ सालीं, सध्यांच्या मध्य प्रदेशांतील भाबरा या गांवीं चंद्रशेखर आझाद जन्मले. १९२१ च्या असहकाराच्या चळवळींत काशी येथें हा मुलगा पकडला गेला. मॅजिस्ट्रेटनें नांव विचारलें तेव्हां त्यानें 'आझाद' असें सांगितलें, बापाचें नांव 'स्वतंत्रता' आणि राहण्याचें ठिकाण 'तुरुंग' सांगितलें, आणि त्याबद्दल पंधरा वेत खाल्ले. त्या वेळीं तो पंधरा वर्षांचा होता. आपल्या घरांतील नववीदहावींत शिकणारा मुलगा डोळ्यांपुढें आणा, म्हणजे हें वय किती लहान असतें तें कळेल. २७ फेब्रुवारी १९३१ रोजीं अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कांत सोबत्याला निसटून जाण्यास अवसर देऊन ते एकटे पोलिसांशीं झुंजले आणि तेथेंच पडले. पंचवीस वर्षें पुरीं झालीं नव्हतीं. त्यांच्या आई जगराणी देवी मुलाच्या मागें बरीच वर्षें जगल्या. स्वातंत्र्य आलेलें त्या माउलीनें पाहिलें. ज्यानें नांवच स्वातंत्र्याचें घेतलें होतें, तो मात्र तें पाहण्यास नव्हता.

आतां थोडें अशा विषयाकडे वळूं कीं जो या क्षणीं आपल्या कानाशीं आहे. ज्या साधनानें माझा आवाज आपल्या घरांत येत आहे, त्याच्याही कुळकथेंत आजची तारीख आहे. २३ जुलै १९२७, शनिवार, या दिवशीं इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या मुंबई केंद्राचें उद्‌घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्तें झालें. दीड किलोवॅट शक्तीचें तें यंत्र. पुढच्याच महिन्यांत, २६ ऑगस्टला, कलकत्त्याचें केंद्र सुरू झालें. आपल्या देशांत २३ जुलै हा राष्ट्रीय प्रसारण दिन मानितात तो याच कारणानें.

ही झाली जमेची ओळ. परंतु ती वाचून कोणास असें वाटेल कीं त्या दिवशीं एक कळ दाबली आणि देशभर आवाज घुमूं लागला, तर तसें झालें नाहीं. श्रोते थोडे, परवान्याची फी वर्षाला दहा रुपये, आणि यंत्रें महाग. त्या काळचे दहा रुपये म्हणजे मध्यम स्थितीच्या घरालाही विचार करावयास लावणारी रक्कम. परिणाम असा कीं तीन वर्षें होण्यापूर्वींच, १ मार्च १९३० रोजीं, कंपनी दिवाळखोरींत निघाली. एप्रिलपासून सरकारनें तो कारभार आपल्याकडे घेतला. पण पुढच्याच वर्षीं पैशाच्या टंचाईमुळें सरकारनेंही तो बंद करण्याचें ठरविलें. तेव्हां लोकांनीं ओरड केली, ज्यांनीं पदरचे पैसे घालून यंत्रें घेतलीं होतीं त्यांनीं आणि तीं विकणाऱ्या व्यापाऱ्यांनीं तक्रारी केल्या, आणि निर्णय फिरला. ८ जून १९३६ रोजीं ऑल इंडिया रेडिओ हें नांव रूढ झालें, तेंच पुढें आकाशवाणी. तात्पर्य, १९२७ सालचें तें उद्‌घाटन आज स्मरणांत आहे, कारण १९३१ सालीं कांहीं सामान्य गृहस्थ गप्प बसले नाहींत. त्यांचें नांव कोणत्याही दिनदर्शिकेंत नाहीं.

नभोवाणीची ही शक्ति किती मोठी आहे हें आणखी एका तेवीस जुलैनें दाखवून दिलें. १९५२ सालीं या दिवशीं पहाटे ईजिप्तच्या लष्करांतील तरुण अधिकाऱ्यांनीं कैरो शहर ताब्यांत घेतलें, आणि सकाळीं अन्वर सादात या अधिकाऱ्यानें सैन्याचें निवेदन नभोवाणीवरून वाचून दाखविलें. तीन दिवसांनीं राजे फारूख गादी सोडून जहाजानें देशाबाहेर पडले. जगांतील सर्व वृत्तपत्रांचें लक्ष त्या दिवशीं कैरोकडे लागलें होतें.

नेमक्या त्याच दिवशीं, तेथून दूर उत्तरेस फिनलंडच्या राजधानींत, हेलसिंकीच्या ऑलिंपिक सामन्यांत, कऱ्हाडाजवळच्या गोळेश्वर गांवचा एक सव्वीस वर्षांचा तरुण कुस्तीच्या गादीवर उभा होता. त्याचें नांव खाशाबा दादासाहेब जाधव. आजच्या आपल्या हिशेबांतील ही शेवटची मोठी नोंद, आणि मला वाटतें सर्वांत शिकविणारी.

खाशाबा हे तांबड्या मातींत वाढलेले मल्ल. १९४८ सालीं कोल्हापूरच्या महाराजांच्या साह्यानें ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. तोंवर गादीवरील कुस्तीचा आणि आंतरराष्ट्रीय नियमांचा त्यांना सराव नव्हता. मातींत पाय रुततो, गादीवर तो घसरतो. मातींत चीतपट हीच जीत, तेथें गुणांचा हिशेब. तरीही त्यांनीं फ्लायवेट गटांत सहावा क्रमांक मिळविला. पुढचीं चार वर्षें त्यांनीं तयारी केली. १९५२ सालीं हेलसिंकीला जावयाचें ठरलें तेव्हां अडचण पैशाची. गांवच्या लोकांनीं, मित्रांनीं, शिक्षकांनीं यथाशक्ति वर्गणी जमविली. ज्या राजाराम कॉलेजांत ते शिकले होते, तेथील प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें राहतें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. शिष्याच्या कुस्तीसाठीं घर गहाण टाकणारा गुरु ! मी शिक्षकाच्या पेशांतला माणूस; या एका गोष्टीपुढें मला नेहमी मान खालीं घालावीशी वाटते.

हेलसिंकीत बँटमवेट गटांत खाशाबांनीं कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनी या देशांच्या मल्लांना हरविलें. जपानच्या शोहाची इशी यांच्याशीं त्यांची कुस्ती फार वेळ चालली आणि ती ते हरले. त्यानंतर नियमाप्रमाणें मिळावयाची विश्रांति न मिळतां त्यांना लगेच रशियाच्या रशीद ममदबेयोव्ह यांच्यापुढें उभें राहावें लागलें. दमलेल्या शरीरानें तीही कुस्ती गेली. सुवर्णपदक इशी यांना, रौप्य ममदबेयोव्ह यांना आणि कांस्य खाशाबांना मिळालें. स्वतंत्र भारताच्या खेळाडूनें एकट्याच्या बळावर जिंकलेलें ऑलिंपिकचें तें पहिलें पदक.

आतां पुढचा भाग ऐका. दुसऱ्याच दिवशीं, २४ जुलैला, आपल्या हॉकीच्या संघानें अंतिम सामन्यांत हॉलंडवर सहा विरुद्ध एक गोलांनीं विजय मिळविला. त्यांतले पांच गोल एकट्या बलबीरसिंगांचे. सुवर्णपदकाचा जयघोष झाला आणि त्यांत कालचें कांस्य बुडून गेलें. हॉकीच्या वीरांचा यांत कांहीं दोष नव्हता. मोठ्या दिव्याशेजारीं लहान दिवा ठेवला तर तो दिसत नाहीं. म्हणून त्यांत तेल थोडें जळतें असें थोडेंच आहे?

कऱ्हाडच्या लोकांनीं मात्र तो दिवा पाहिला. शंभरावर बैलगाड्या सजवून त्यांनीं आपल्या मल्लाची मिरवणूक काढली. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनीं काय केलें ? त्यांनीं कुस्त्यांचे फड भरविले, स्वतः लढले, जिंकले, आणि त्या पैशांतून गुरूंचें गहाण पडलेलें घर सोडविलें. मला हें कृत्य पदकापेक्षां कमी तोलाचें वाटत नाहीं. जमा हातीं येतांच खर्चाची बाजू त्यांनीं आधीं फेडली.

राष्ट्राला हा हिशेब इतक्या लवकर सुचला नाहीं. खाशाबा १९५५ सालीं पोलिसखात्यांत दाखल झाले आणि तेथेंच त्यांची नोकरी पुरी झाली. १४ ऑगस्ट १९८४ रोजीं रस्त्यावरील अपघातांत त्यांचें निधन झालें. अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला तो त्यानंतर कित्येक वर्षांनीं, मरणोत्तर. त्यांच्यानंतर ऑलिंपिकांत व्यक्तिगत पदक मिळावयास आपल्या देशाला १९९६ पर्यंत, लिअँडर पेसपर्यंत, चव्वेचाळीस वर्षें वाट पाहावी लागली. या चव्वेचाळीस वर्षांचा आणि त्या विसराचा कांहींच संबंध नसेल काय ? ज्या गांवांत पहिल्या झाडाला पाणी घालावयाचें राहून जातें, त्या गांवाला दुसऱ्या झाडाची सावली उशिराच मिळते.

श्रोतेहो, २०१२ सालीं याच तारखेस कानपूर येथें कॅप्टन लक्ष्मी सहगल वारल्या. आझाद हिंद सेनेच्या राणी झांशी पलटणीच्या त्या प्रमुख, म्हणून त्यांची ओळ दिनविशेषांत येते. परंतु त्या वैद्य होत्या, आणि युद्ध संपल्यानंतर कित्येक दशकें, अगदीं उतारवयापर्यंत, कानपुरांत गोरगरिबांना तपासून औषध देत राहिल्या. त्या हजारों साध्या दिवसांपैकीं एकाही दिवसाची तारीख कोणीं लिहून ठेवलेली नाहीं. दिनविशेषाचें खरें वैगुण्य हेंच आहे. तो शिखरें दाखवितो, चढण दाखवीत नाहीं. आणि आयुष्य तर बहुतेक सर्व चढणींतच जातें.

हें मी मुद्दाम सांगतों, कारण यांत आपल्या मुलांचें नुकसान आहे. नुसत्या जमेच्या ओळी वाचून वाढलेल्या मुलाला असें वाटूं लागतें कीं मोठेपणा हा एखाद्या तारखेला अकस्मात् येऊन पोहोंचतो. मग आपला अभ्यासाचा, सरावाचा, नोकरीचा साधा दिवस त्याला फुकट गेलासा वाटतो, आणि ज्या दिवशीं कोणी टाळ्या वाजविल्या नाहींत तो दिवस व्यर्थ वाटतो. असा मुलगा लवकर निराश होतो. त्याला जर कळलें कीं हेलसिंकीच्या त्या दिवसामागें गोळेश्वरच्या आखाड्यांतील हजारों पहाटा होत्या, आणि त्या पहाटांमागें कोणाचें तरी गहाण पडलेलें घर होतें, तर तो आपल्या साध्या दिवसाकडे निराळ्या दृष्टीनें पाहील. आणि आपल्यासाठीं घरांत कोण काय गहाण टाकीत आहे, हेंही त्याच्या ध्यानीं येईल.

म्हणून माझी एक लहानशी सूचना आहे. तिला पैसा लागत नाहीं, वेळही फारसा लागत नाहीं. रोज रात्रीं जेवणाच्या वेळीं दिनविशेषांतली एकच ओळ घ्यावी आणि मुलांसह तिला तीन प्रश्न विचारावे. या दिवसाच्या आधीं काय झालें होतें ? याची किंमत कोणीं भरली ? आणि नंतर आपण त्या माणसांशीं कसे वागलों ? उत्तर सांपडेलच असें नाहीं. घरांतल्या पुस्तकांत पाहावें, ग्रंथालयांत जावें, वडील माणसांना विचारावें. सांपडलें नाहीं तरी प्रश्न मनांत राहील, आणि ज्या घरांत असा प्रश्न राहतो त्या घरांत कृतघ्नपणा सहसा राहत नाहीं.

आज रात्रीं आपण तेवीस जुलैच्या ओळी पुन्हां एकदां वाचाल, तेव्हां टिळकांच्या नांवाशेजारीं सत्यभामाबाई आणि ते गिरणीकामगार, नभोवाणीच्या नांवाशेजारीं ते १९३१ सालचे श्रोते, आणि खाशाबांच्या नांवाशेजारीं कोल्हापूरचें तें घर, एवढें पेन्सिलीनें लिहून ठेवावें, अशी माझी विनंति आहे. दिनदर्शिकेंत त्यासाठीं जागा सोडलेली नसते; पण समासांत थोडी असते.